परत द्यावे

बेलवाडीतल्या निम्म्या माणसांना जगात आणलं ते सगुणाबाईनं, आणि ही गोष्ट ती कुणाला विसरू देत नसे. सरपंच ग्रामसभेत जरा आवाज चढवून बोलायला लागला की मागच्या रांगेतून ती म्हणायची, "पायाकडनं आलावतास तू. दोन तास माजा घाम काढलास. अजून तसाच उलटा चालतोस." सभा हसायची आणि सरपंच मुकाट्यानं पुढचा विषय घ्यायचा.

कोयनेकाठच्या त्या गावात ती तीस वर्षं सुईण होती. पुढे रस्ता झाला, रुग्णवाहिका आली, बायका बाळंतपणाला तालुक्याला जायला लागल्या आणि सगुणाबाईचे हात रिकामे झाले. पण एक काम तिच्याकडे राहिलं. बाळामागून पडणारी वार पुरायची ती तिनंच.

हे काम खरं तर केव्हाच बंद पडलं असतं. हॉस्पिटलं वार जाळून टाकायची. पण मधल्या काळात वेगळंच प्रकरण उद्भवलं. पेशंटच्या शरीरातून काढलेल्या गाठी, कातडीचे तुकडे, बाळंतिणीची वार, असलं सगळं जिवंत ठेवून त्यांच्यापासून औषधं करायची विद्या आली, आणि बड्या कंपन्या कुणाला न विचारता ते करायला लागल्या. खूप आरडाओरडा झाला, मग कायदा आला. शरीरातून जे निघेल ते पेशंटच्या मालकीचं. हॉस्पिटलनं एक फॉर्म पुढे करायचा, त्यावर दोन चौकटी. 'पेढीत ठेवावे' आणि 'परत द्यावे'. कायदा झाला कंपन्यांच्या भांडणातून, पण त्यानं बेलवाडीतली जुनी रीत पुन्हा जिवंत केली. बायका दुसऱ्या चौकटीत खूण करून वार बरणीत घालून गावी आणायच्या आणि सगुणाबाईच्या दारात उभ्या राहायच्या.

तिची पुरायची पद्धत ठरलेली. कोपरभर खड्डा, तळाला मूठभर मीठ, वर वार, हळदकुंकू, माती, आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून दगड. माती लोटताना ती सासूकडून आलेलं एक वाक्य म्हणायची, "तुझं तुला दिलं, आमचं आम्हाला राहू दे." हे ती जमिनीशी बोलायची. तिला त्यात देव बिव आणावासा वाटत नसे.

तिची एकुलती लेक प्रांजल. तिची वार सगुणाबाईच्याच परसात, रामफळाच्या झाडाखाली पुरलेली होती. शेजारी सगुणाबाईनं एक सपाट दगड आणून ठेवला होता, नातवंडाच्या वारेसाठी जागा धरून. प्रांजलचं लग्न होऊन पाच वर्षं झाली होती. मध्ये एकदा दिवस राहिले होते, पण ते तिसऱ्या महिन्यातच गेलं होतं. जावई सुयोग कराडच्या शाळेत गणित शिकवायचा, स्वभावानं मऊ. तो परसात आला की त्या दगडाकडे बघायचं टाळायचा. सगुणाबाई मात्र दर आठवड्याला त्याच्यावरचं शेवाळ घासून काढायची.

प्रांजल उसावर ड्रोननं फवारणी करायची. स्वतःचा ड्रोन, स्वतःची छोटी गाडी, पाच गावांत गिऱ्हाईक. बांधावर उभी राहून दोन्ही अंगठ्यांनी ती असा काही ड्रोन फिरवायची की म्हातारी माणसं कामधंदा सोडून बघत बसायची.

श्रावण सरता सरता एका दुपारी तिचा ड्रोन एकाच वाफ्यावरून सहा वेळा फिरला. शेतकरी ओरडत आला, "ताई, ऊस जाळता काय आमचा?" प्रांजल त्याच्याकडे बघून म्हणाली, "अजून सुरूच कुठे केलंय मी?"

त्यानंतर आठ दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. आधी डोकं दुखलं, ताप आला. मग ती सुयोगला म्हणायला लागली, "तुम्ही कोण? सुयोगचा शर्ट तुम्ही का घातलाय?" मग हसणं, मग किंचाळणं, मग झटके, आणि शेवटी नुसतं उघड्या डोळ्यांनी पडून राहणं. ओठ सारखे काहीतरी चावत असल्यासारखे हलायचे. आणि दोन्ही अंगठे हवेत फिरत राहायचे. नसलेला ड्रोन ती चालवत होती.

लोकांनी देवऋषी आणला. सगुणाबाईनं त्याला उंबऱ्यावरच अडवलं. "आडवं आलेलं मूल तुला फिरवता येतं का? न्हाई ना? मग माज्या पोरीवरनं लिंबू बी फिरवायचं न्हाई." त्याला वाटेला लावून तिनं पोरीला गाडीत घातलं.

तालुक्याच्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. उजव्या अंडाशयात मोसंबीएवढी गाठ होती. ती आजच्या आज काढायची, आजाराचं मूळ तिथंच आहे, असं डॉक्टर म्हणाले. सुयोग रक्ताच्या पिशव्या आणायला साताऱ्याला धावला. सगुणाबाई एकटी बाकावर बसली.

तीन तासांनी एक तरुण डॉक्टर बाहेर आला. दोन दिवस झोपला नसावा. त्याच्या हातातल्या ट्रेमध्ये चिरलेली गाठ होती. "बघून घ्या मावशी, दाखवायचा नियम आहे," तो म्हणाला.

सगुणाबाईनं पाहिलं. चरबीच्या गोळ्यात काळ्याभोर केसांची एक बट होती. आणि कडेला, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, एक दात.

जन्माला न आलेली मुलं तिनं खूप पाहिली होती. तिचे डोळे भरून आले. "ल्योक व्हता का लेक?"

"मावशी, मूल नाही ते. नुसती गाठ आहे." त्यानं टॅबलेट पुढे केला. "ह्यातला तुकडा तपासणीला जाईल. उरलेलं पेढीत ठेवायचं की परत पाहिजे?"

"पेढीत म्हंजी?"

"बर्फात ठेवतात. पुढेमागे लागलं तर."

केस आलेलं, दात आलेलं, आपल्या लेकीच्या पोटातलं, ते बर्फात ठेवायचं? डॉक्टरला आणखी चार शब्द बोलायला वेळ असता तर ही गोष्ट घडलीच नसती. तो तिकडे दुसऱ्या पेशंटकडे बघत होता. सगुणाबाईनं दुसऱ्या चौकटीत खूण केली आणि खाली सही केली. सही करायला तिला प्रांजलनंच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सुयोग प्रांजलजवळ थांबला आणि सगुणाबाई कपडे आणायला म्हणून गावी आली. रामफळाखालचा सपाट दगड तिनं बाजूला केला. कोपरभर खड्डा, मीठ, हळदकुंकू. बरणी रिकामी करताना ती पहिल्यांदाच रडली. "तुझं तुला दिलं," ती म्हणाली, "आमचं आम्हाला राहू दे."

आणि जमिनीनं ऐकल्यासारखंच झालं. दिवाळीपर्यंत प्रांजल उठून बसली, सुयोगला नावानं हाक मारायला लागली, चकलीत मीठ कमी आहे म्हणून आईशी भांडली. सगुणाबाईनं कुणाला काही सांगितलं नाही. असल्या गोष्टी पुरुषांना सांगायच्या नसतात असं ती मानायची, आणि सुयोगनंही कधी विचारलं नाही.

महाशिवरात्रीच्या सुमाराला आजार उलटला, आणि दुप्पट जोरानं उलटला.

या खेपेला तिला मिरजेला नेलं, डॉक्टर निलोफर मुजावर यांच्याकडे. पन्नाशीच्या, बुटक्या, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या बाई. नेहमीची सगळी औषधं तीन आठवडे देऊन झाली. प्रांजलचे अंगठे फिरतच राहिले. मग डॉक्टरांनी सुयोगला आणि सगुणाबाईला समोर बसवलं.

"बाईच्या पोटात बीजं असतात," त्या म्हणाल्या. "एखादं बीज कधी कधी पुरुषाचा संबंध नसताना आपलं आपण वाढायला लागतं. पण बाळ कसं घडवायचं ते त्याला एकट्याला जमत नाही. मग ते नुसतेच सुटे भाग करत बसतं. केस करतं, दात करतं, चरबी करतं. प्रांजलच्या गाठीत त्यानं मेंदूचाही कण केला होता."

सगुणाबाई पुढे सरकून ऐकायला लागली.

"शरीराला पहारेकरी असतात. त्यांना पोटात मेंदू दिसला. भलत्या ठिकाणी भलतं काही दिसलं की ते त्याला शत्रू समजतात आणि त्याच्याविरुद्ध हत्यारं तयार करतात, ज्यांना आम्ही प्रतिपिंडं म्हणतो. ती रक्तातून डोक्यात पोचली. डोक्यातल्या मेंदूवरही त्याच खुणा. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात, आणि निरोप घ्यायला त्यांच्या अंगावर खिडक्या असतात. ही प्रतिपिंडं त्यातल्या एका जातीच्या खिडक्या बंद करत सुटतात. आठवण साठवायचं काम नेमकं त्याच खिडक्यांचं. म्हणून तिला आत्ताचं काही राहत नाही. पेशी मेलेल्या नाहीत हे लक्षात ठेवा. खिडक्या उघडल्या की तुमची मुलगी आत आहे."

"गाठ तर काढली," सुयोग म्हणाला.

"गाठ गेली, पण पहारेकऱ्यांची आठवण गेली नाही. हत्यारं करणाऱ्या पेशी हाडांतल्या मज्जेत दबा धरून बसल्यात. पण त्यांना बाहेर काढता येतं आता." डॉक्टरांनी टेबलावर जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी ठेवली. तिला काचेची लहानशी खिडकी होती. "ह्याला आम्ही आमिष म्हणतो. आत पेशंटच्याच गाठीतल्या मेंदूच्या कणाचा पातळ, जिवंत पापुद्रा वाढवायचा आणि तिचं रक्त चाळीस दिवस त्याच्यावरून फिरवायचं. प्रतिपिंडं तिथंच चिकटतात. त्यांना बनवणाऱ्या पेशीही वासावर येतात, अडकतात आणि मरतात. दुसऱ्याच्या गाठीचा पापुद्रा चालत नाही, शरीर नवीन भांडण काढतं. कातडीपासून केलेला मेंदू वापरून बघितला, त्याला निम्मी प्रतिपिंडंसुद्धा फसत नाहीत. मूळ गाठच लागते, तीही जिवंत ठेवलेली; तपासणीला गेलेला तुकडा रसायनात मेलेला असतो. तिची कुठल्या पेढीत आहे? एवढं कळलं की उद्या सुरू करू."

सुयोगच्या तोंडावर किती दिवसांनी रंग आला. त्यानं तिथूनच तालुक्याला फोन लावला. फोन या टेबलावरून त्या टेबलावर फिरला आणि शेवटी उत्तर आलं, पेढीत या नावाचं काही नाही.

"टाकून दिली असणार!" तो उसळला. इतकी वर्षं सगुणाबाईनं त्याचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. "माणसं आहेत का कोण? मामी, तुम्ही होता ना तिथं? काही बोलले का ते?"

"त्या गडबडीत मला काय कळतंय," सगुणाबाई म्हणाली.

तो तिथंच बसून तक्रारीचा अर्ज लिहायला लागला. सरपंचाला खाली बसवणारी सगुणाबाई भिंतीकडे बघत राहिली. काय झालं ते तिला केव्हाच समजलं होतं. पोरीच्या पेटीसाठी लागणारी गाठ तिनं स्वतःच्या हातानं मिठात घातली होती.

सकाळच्या पहिल्या एसटीनं ती गावी गेली. कुदळ घेतली नाही, खुरपं घेतलं, पाणी शिंपून माती मऊ केली आणि बोटांनी उकरायला लागली. मूल अडलं की आत हात घालावा तशी ती जपून उकरत होती. सहा महिने झाले होते. जमिनीनं आपलं काम चोख केलं होतं. हाताला लागली केसांची बट, आणि तो दात.

ते दोन्ही तिनं करंड्यात घातलं आणि दुपारी डॉक्टर मुजावरांच्या टेबलावर ठेवलं. नखांतली माती तशीच होती.

"ह्याच्यातनं काय हुईल का, बाई?"

डॉक्टरांनी करंडा उघडला, बराच वेळ बघितलं आणि झाकण लावलं. "फॉर्म आलाय माझ्याकडे, मावशी. सकाळीच आला. सही तुमची आहे."

"मला वाटलं लेकरू हाय. वाट चुकल्यालं." सगुणाबाईनं पदर तोंडात कोंबला. "बर्फात ठिवायचं म्हणाला तो. मी आक्ख्या गावाचं पुरलं हो. पोरीचंच कसं बर्फात घालू?"

डॉक्टर उठल्या, तिच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या. त्या रागावल्या असत्या तर सगुणाबाईला बरं वाटलं असतं.

"जिवंत काही नाही ह्यात," त्या म्हणाल्या. "दुसरा एक रस्ता आहे. डावं अंडाशय अजून आहे. त्यातली बीजं काढायची आणि ती गाठ जशी झाली तशी आपण पेटीत मुद्दाम करायची. बहुतेक बीजं मरतात. एक पापुद्रा तयार व्हायला अंडाशय पूर्ण खर्ची पडतं."

"म्हंजी पुढं तिला..."

"नाही. स्वतःचं मूल नाही होणार."

खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. सगुणाबाईला एवढंच ऐकू येत राहिलं.

"जावयाला सांगाल?"

"विचारलं तर खोटं बोलणार नाही. पण हे सांगायचं काम तुमचं आहे."

सुयोगनं विचारलंच नाही. तालुक्याच्या हॉस्पिटलनंच गाठ टाकली हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तो व्हरांड्यात फॉर्म घेऊन उभा राहिला. "मामी, मी काय करू? उठून मला विचारेल ती. म्हणेल, मला न विचारता का केलं?"

"इचारू दे की. इचारायला तर उठू दे," सगुणाबाई म्हणाली. "सही करा, सुयोगराव."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. जिभेवर आलं होतं. पण तो सही करताना इतका रडत होता की तिचं धाडस झालं नाही, आणि मग दुसऱ्या दिवशी झालं नाही, आणि मग त्या गोष्टीला दिवस चढत गेले.

पेटी प्रांजलच्या उशाशी लागली. लालसर नळ्या जात-येत होत्या, आणि काचेच्या खिडकीत, दुधावर धरते तशी, पातळ साय दिसायची. सगुणाबाई पेटीच्या बाजूला बसायची नाही. पलंगाच्या दुसऱ्या अंगाला स्टूल ओढून ती लेकीचे फिरणारे अंगठे मुठीत धरून बसायची. तेविसाव्या दिवशी दुपारी तिच्या मुठीत काहीच हलेना. ती घाबरून उठली. प्रांजल तिच्याकडे बघत होती.

"आई," ती म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. "भोसल्यांचा ऊस राहिलाय."

सगुणाबाईनं तिचे दोन्ही अंगठे तोंडाशी नेले आणि हमसाहमशी रडली. सुयोग शाळेतून तसाच धावत आला. प्रांजलला श्रावणच वाटत होता. मधलं पहिलं दुखणं, ऑपरेशन, दिवाळी, चकली, सगळं पुसून गेलं होतं.

आठवड्यानं सुयोगनं तिला खरं सांगितलं. पेटीत काय आहे, ते कशातून केलंय आणि पुढे काय होणार नाही. पहिली गाठ त्या हॉस्पिटलनं टाकली नसती तर ही वेळ आली नसती, हेही सांगितलं. प्रांजल भिंतीकडे तोंड करून दोन दिवस पडून राहिली. तिसऱ्या दिवशी आई वेणी घालत असताना ती एवढंच म्हणाली, "परसातला तो दगड काढून टाक."

"बरं," सगुणाबाई म्हणाली. तिच्या हातातला पेड सुटला आणि तिनं वेणी पुन्हा पहिल्यापासून घातली.

हळूहळू प्रांजल पेटीकडे वळायला लागली. काचेपाशी तोंड नेऊन बघत बसायची. कुणी नसलं की काहीतरी बोलायची. एकदा सगुणाबाई चहा घेऊन आली तर ती पेटीला सांगत होती, ड्रोन वाऱ्याच्या उलट दिशेला कसा वळवायचा ते.

चाळिसाव्या दिवशी रक्त तपासलं. प्रतिपिंडांचा मागमूस नव्हता. डॉक्टर मुजावरांनी नळ्या काढल्या, पेटी टेबलावर ठेवली आणि टॅबलेट प्रांजलच्या हातात दिला. आता सही तिची तिलाच करायची होती. सुयोग आणि सगुणाबाई पलंगाजवळ उभे होते.

"आठातल्या एका पेशंटला हा आजार पुन्हा होतो," डॉक्टर म्हणाल्या. "झाला तर हाच पापुद्रा लागेल. दुसरा आता करता येणार नाही."

प्रांजलनं दोन्ही चौकटी वाचल्या. "परत द्या," ती म्हणाली.

"प्रांजल!" सुयोग पुढे झाला.

"सात जणांना नाही होत ना? मग मला पण नाही होणार." ती आईकडे वळली आणि आजारानंतर पहिल्यांदा हसली. "आई, गावभर सगळ्यांचं पुरलंस तू. माझंही पूर. रामफळाखाली, माझ्या वारेशेजारी. त्यात माझी सगळी होती गं. होणारी, न होणारी. मला नाही त्यांना बर्फात ठेवायचं."

डॉक्टर मुजावरांनी सगुणाबाईकडे पाहिलं. प्रांजलचं बोट काचेवर दुसऱ्या चौकटीकडे निघालं होतं.

सगुणाबाईनं ते बोट धरलं.

"ते तसं करू नगंस. पहिली गाठ त्या लोकांनी न्हाई टाकली. मी पुरली." आता थांबलं तर पुन्हा बोलता येणार नाही हे तिला माहीत होतं, म्हणून ती बोलतच सुटली. "त्यांनी इचारलं, मी म्हनलं परत द्या. ह्याच चौकटीत खूण केली. केस व्हते, दात व्हता, मला वाटलं लेकरू हाय. तुज्याच शेजारी पुरलं. मी बर्फात ठिऊ दिलं असतं तर तुजी बीजं ऱ्हायली असती. तुजं सगळं शाबूत ऱ्हायलं असतं. मी घालवलं पोरी. माज्या ह्या हातानं."

सुयोग खुर्चीत बसला. "मामी," तो म्हणाला, "मी त्या लोकांना काय काय बोललो. त्या पोरसवदा डॉक्टरची चौकशी लागलीय. आणि तुम्ही मला सही कर म्हणालात."

सगुणाबाईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती लेकीच्या तोंडाकडे बघत होती. प्रांजलनं आपलं बोट हळूच सोडवून घेतलं. पहिल्या चौकटीत खूण केली. सही केली. मग टॅबलेट डॉक्टरांकडे देऊन ती सुयोगला म्हणाली, "घरी जाऊ. आपल्या घरी."

पेटी बर्फात गेली. ते दोघं कराडला गेले. सगुणाबाई एकटीच एसटीनं बेलवाडीला आली, खिडकीशी जागा मिळाली तरी तिनं बाहेर पाहिलं नाही. सुयोगनं तालुक्याला जाऊन त्या डॉक्टरची माफी मागितली आणि अर्ज मागे घेतला, हे तिला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. फोन यायचा बंद झाला. तिनं लावला तर वाजून वाजून थांबायचा. पुढच्या महिन्यात सरपंचाची सून बाळंत झाली आणि बरणी घेऊन माणसं दारात आली तेव्हा सगुणाबाईनं त्यांना परत पाठवलं. "हे काम सोडलं मी," ती म्हणाली. सरपंचाला वाटलं, म्हातारी ग्रामसभेतलं काहीतरी मनात धरून बसली.

पुन्हा श्रावण आला. एका दुपारी गावाबाहेरच्या उसावर ड्रोन घरघरला. सगुणाबाई दारात येऊन उभी राहिली. ड्रोन सरळ रेषेत जात होता, वळत होता, एकदाही चुकत नव्हता. आवाज थांबला, आणि अर्ध्या तासानं प्रांजल घरात न येता बाजूच्या बोळानं थेट परसात आली. वाळली होती. केस बारीक कापले होते.

"दगड काढला नाहीस अजून," ती म्हणाली.

"उचलंना मला."

ते खोटं होतं, आणि दोघींनाही माहीत होतं. प्रांजल रामफळाखाली उकिडवी बसली.

"डॉक्टर म्हणाल्या, तू उकरून काहीतरी घेऊन गेली होतीस. कुठंय?"

सगुणाबाईनं आतून करंडा आणला. प्रांजलनं तो उघडला. केस तिच्याच केसांसारखे होते. दात तिनं तळहातावर घेतला, अंगठ्यानं फिरवून बघितला. त्याच्यात कुणी नव्हतं हे आता दोघींनाही कळत होतं. तरी त्यांच्याकडे तेवढंच होतं.

"मला रोज वाटतं, तुझ्यावरचा राग जाईल," प्रांजल म्हणाली. "रोज सकाळी बघते. जात नाही. आणि तुझ्याशिवाय करमतही नाही. काय करू?"

"ऱ्हाऊ दे राग. त्यो घिऊन ये. पर येत जा."

प्रांजलनं सपाट दगड एका हातानं सरकवला आणि बोटांनी खड्डा करायला लागली. सगुणाबाईनं आतून मूठभर मीठ आणलं, हळदकुंकू आणलं. केस आणि दात आत ठेवून प्रांजलनं हात बाहेर घेतला. इतक्या वर्षांची सवय, सगुणाबाईचं तोंड आपोआप उघडलं.

"तुझं तुला दिलं..."

"पुढचं नको म्हणूस, आई."

सगुणाबाई थांबली. मग दोघींनी मिळून माती लोटली.